दान आणि देणे : कैसरियाच्या बेसिलच्या विचारातील दया व न्याय

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठीत 'देणे' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एखादी वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करणे हा त्याचा एक अर्थ. जे फेडावयाचे राहिले आहे ते, म्हणजे ऋण, हा त्याचा दुसरा अर्थ. भिकाऱ्याला काही देणे आणि वाण्याचे देणे लागणे या दोन प्रयोगांत शब्द एकच असला, तरी त्यांमागील नैतिक भूमिका भिन्न आहे. पहिल्यात देणाऱ्याची इच्छा प्रधान आहे; त्याने दिले तर ते औदार्य, न दिले तर फार तर अनुदारपणा. दुसऱ्यात घेणाऱ्याचा हक्क प्रधान आहे. तेथे न देणे हा अपराध ठरतो.

दया आणि न्याय या दोन कल्पनांमधील भेद सामान्यतः याच रेषेवर दाखविला जातो. ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय, अशी व्याख्या रोमन विधिपंडित उल्पियन याने तिसऱ्या शतकाच्या आरंभी केली, आणि युरोपीय विधिशास्त्राने ती पुढे प्रमाण मानली. या व्याख्येनुसार पाहता न्यायाचा प्रांत मालकीच्या कुंपणापाशी संपतो आणि दयेचा प्रांत त्यापलीकडे सुरू होतो. ख्रिस्ती नीतिविचार हा प्रेमाचा व दयेचा विचार आहे, असे म्हणताना पुष्कळदा हीच विभागणी गृहीत धरलेली असते, आणि ख्रिस्ती धर्माने दयेला न्यायाच्या वरचे स्थान दिले, असा निष्कर्ष तीतून काढला जातो.

हा निष्कर्ष निदान एका महत्त्वाच्या विचारप्रवाहाच्या बाबतीत टिकत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्या प्रवाहात दया ही न्यायाच्या पलीकडची नसून न्यायाच्या पोटातील गोष्ट आहे. भुकेल्याला दिलेले अन्न हे दान नसून देणे आहे. या भूमिकेची सर्वांत स्पष्ट मांडणी चौथ्या शतकात कॅपाडोशियातील कैसरिया या नगराचा बिशप बेसिल (सुमारे ३३०–३७९) याच्या प्रवचनांत आढळते. हे कैसरिया म्हणजे नव्या करारात उल्लेखिलेले पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील बंदर नव्हे, तर आजच्या तुर्कस्तानातील कायसेरी होय. बेसिलच्या विचाराची पूर्वपीठिका, त्याला कारण झालेला दुष्काळ, त्याने उभारलेली संस्था, त्याच्या मर्यादा आणि पुढील विधिशास्त्रावर झालेला त्याचा परिणाम, या क्रमाने येथे विवेचन केले आहे.

२. शब्दांची पूर्वपीठिका

बेसिलचा विचार एकाएकी उद्भवलेला नाही. त्याची मुळे हिब्रू धर्मग्रंथांच्या शब्दकोशात आहेत. त्यांत तीन शब्द विशेष महत्त्वाचे आहेत. 'मिश्पात' म्हणजे निवाडा, आणि त्यावरून न्याय्य हक्क. 'त्सदाका' म्हणजे नीतिमत्त्व. परंतु हे नीतिमत्त्व अमूर्त गुण नसून, ज्यांच्याशी आपले नाते आहे त्यांच्याविषयीचे कर्तव्य पार पाडण्यात ते असते. 'हेसेद' म्हणजे अढळ ममता, दिलेल्या वचनाला जागणारी दया. संदेष्ट्यांच्या ग्रंथांत हे शब्द वारंवार जोडीने येतात. मीखाने तर न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि ईश्वरासमोर नम्रपणे चालणे या तिन्ही गोष्टी एकाच मागणीच्या रूपाने मांडल्या आहेत.

संदेष्ट्यांपैकी आमोस याचा उल्लेख येथे विशेष आवश्यक आहे. यहूदातील तकोवा गावचा हा मेंढपाळ ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या कारकीर्दीत, उत्तरेकडील इस्राएलाच्या राज्यात बोलला. तो काळ त्या राज्याच्या भरभराटीचा होता. आमोसाचा रोख मूर्तिपूजेपेक्षाही व्यापाऱ्यांच्या मापांवर अधिक आहे. पायतणांच्या जोडासाठी दरिद्र्याला विकणारे, माप लहान व वजन मोठे करणारे, शब्बाथ केव्हा संपतो आणि धान्य केव्हा विकावयास काढतो याची वाट पाहणारे लोक उपासनेस येतात, तेव्हा त्यांची उपासनाच ईश्वराला नकोशी होते, असे त्याचे म्हणणे आहे.

मोशेच्या नियमशास्त्रातही हीच दृष्टी दिसते. शेताच्या कडेचे पीक कापू नये, राहिलेला सरवा वेचू नये, तो परका, अनाथ व विधवा यांच्यासाठी सोडावा, असा तेथे दंडक आहे. सरवा वेचणारी विधवा शेतकऱ्याकडे भीक मागत नाही; नियमाने जे तिचे आहे तेच ती घेते.

हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात होऊ लागले, तेव्हा या शब्दांबाबत एक लक्षणीय गोष्ट घडली. 'त्सदाका' या शब्दासाठी बहुधा 'डिकायोसुने', म्हणजे न्याय किंवा नीतिमत्त्व, हा प्रतिशब्द योजला गेला; पण काही ठिकाणी त्याच शब्दासाठी 'एलेएमोसुने', म्हणजे दया, हा शब्द आला. पुढे यहूदी परंपरेत 'त्सदाका' हेच गरिबांना करावयाच्या मदतीचे रूढ नाव झाले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी काही हस्तलिखितांत 'डिकायोसुने' तर काही हस्तलिखितांत 'एलेएमोसुने' असा पाठ मिळतो, तो याच अर्थसंबंधाचा परिणाम होय. ज्या भाषिक परंपरेत एकाच शब्दाचा अर्थ न्याय आणि दया असा दोन्ही होऊ शकतो, त्या परंपरेत या दोहोंमधील कुंपण पक्के असणे शक्य नव्हते.

नव्या करारातील तीन स्थळे बेसिलच्या पिढीला पाठ होती. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाच्या दृश्यात न्यायाधीश कोणाच्याही मतांची चौकशी करीत नाही. भुकेल्याला अन्न दिले काय, उघड्याला वस्त्र दिले काय, आजाऱ्याची व बंदिवानाची भेट घेतली काय, एवढेच तो विचारतो. येथे दयेची कृत्ये न्यायसभेत पुरावा म्हणून मांडली जातात. लूकच्या बाराव्या अध्यायात, पीक अमाप आल्यामुळे जुनी कोठारे मोडून मोठी बांधण्याचा बेत करणारा आणि त्याच रात्री मरणारा श्रीमंत येतो. याकोबाच्या पत्रात, उघड्या व उपाशी बंधूला केवळ शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्याचा विश्वास निर्जीव ठरविला आहे.

या शिकवणीला आरंभापासून संस्थात्मक रूपही होते. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तर्तुल्यानाने ख्रिस्ती लोकांच्या सामायिक निधीचे वर्णन केले आहे. त्यातून गरिबांचे दफन, अनाथ मुले, वृद्ध नोकर आणि गलबत फुटून निराधार झालेले लोक यांचा खर्च चाले. इ. स. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस याने एका पत्रात आपल्या मंडळीतील ४६ वडिलांचा व ७ सेवकांचा उल्लेख करून, तिच्या आधाराने १,५०० हून अधिक विधवा व पीडित जगत असल्याचे नमूद केले. हे पत्र युसेबियसच्या इतिहासग्रंथामुळे उपलब्ध आहे.

३. नगराचे औदार्य आणि दुष्काळ

ग्रीक-रोमन नगरांत औदार्य नव्हते असे नाही. धनिकांनी नाट्यगृहे, स्नानगृहे, स्तंभावली बांधाव्यात, उत्सव व खेळ भरवावेत आणि नगराने त्यांचे पुतळे व शिलालेख उभारून त्याची परतफेड करावी, ही तेथील दृढ प्रथा होती. इतिहासकार पॉल व्हेन याने १९७६ मध्ये या प्रथेचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. या औदार्याचा विषय 'नागरिक' हा होता, 'गरीब' हा नव्हता. ज्याचे नाव नगराच्या यादीत आहे तो गरीब असला तरी नागरिक म्हणून वाटा घेई. पण जो परका आहे, खेड्यातून भुकेने नगरात आला आहे, किंवा महारोगामुळे वेशीबाहेर घालविला गेला आहे, त्याला या व्यवस्थेत स्थानच नव्हते. गरिबांची निगा हा सार्वजनिक जीवनाचा विषय होणे हे उत्तर रोमन काळातील मोठे स्थित्यंतर होते, असे पीटर ब्राउन याने २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे.

बेसिल स्वतः धनिक वर्गातला होता. त्याचे घराणे जमीनदार व कित्येक पिढ्यांचे ख्रिस्ती होते. अथेन्स येथे त्याने वक्तृत्वाचे शिक्षण घेतले. नाझियान्झसचा ग्रेगरी हा तेथील त्याचा जिवलग मित्र. परत आल्यावर सुमारे ३५७ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला, ईजिप्त, पॅलेस्टाइन व सीरिया येथील तपस्व्यांची भेट घेतली, आणि आयरिस नदीच्या काठी, जेथे त्याची बहीण मॅक्रिना व्रतस्थ जीवन जगत होती त्या परिसरात, तो एकांतवासात राहिला. पुढे तो कैसरियात मंडळीचा वडील झाला.

इ. स. ३६८–३६९ च्या सुमारास कॅपाडोशियात अवर्षण पडले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवरील या पठाराचा हिवाळा कडक असतो. बर्फ व वसंतातील पाऊस यांवर तेथील पीक अवलंबून असे. त्या वर्षी हिवाळा कोरडा गेला, आणि पुढे पाऊसही आला नाही. बेसिलच्या त्या काळातील प्रवचनात निरभ्र आकाश, भेगाळलेली जमीन, आटलेल्या नद्या, आणि गुडघ्यांना मिठी मारून करपलेल्या शेताकडे पाहत बसलेला शेतकरी यांचे वर्णन आहे. उपासमारीने शरीर कसे क्रमाक्रमाने झिजते, याचेही त्याने वैद्याच्या काटेकोरपणाने निरूपण केले आहे.

संकट तीव्र होण्याचे कारण नाझियान्झसच्या ग्रेगरीने नेमके सांगितले आहे. किनाऱ्यावरील नगरे आपल्याकडील माल देऊन समुद्रमार्गे धान्य आणू शकतात. अंतर्भागातील नगराला आपला अधिक माल विकता येत नाही आणि उणीव भरून काढता येत नाही. अशा स्थितीत स्थानिक कोठारांतील धान्य हाच एकमेव साठा उरतो, आणि त्याच्या मालकाला भाव वाढण्याची वाट पाहणे फायद्याचे होते. म्हणजेच कैसरियातील भूक ही केवळ धान्य नसल्यामुळे आलेली नव्हती. धान्य होते, पण ते बंद होते. बेसिलच्या युक्तिवादाचे स्वरूप या वस्तुस्थितीने ठरविले आहे.

४. प्रवचनांतील युक्तिवाद

येथे प्रामुख्याने तीन प्रवचनांचा विचार करावयाचा आहे : लूकच्या कोठारांच्या दाखल्यावरील, धनिकांना उद्देशून केलेले, आणि दुष्काळाच्या व अवर्षणाच्या काळातील. पहिल्या दोहोंची नेमकी तारीख निश्चित नाही. परंतु विषय व भाषा यांवरून ती सामान्यतः त्याच काळाशी जोडली जातात. त्यांतील युक्तिवादाच्या चार पायऱ्या स्पष्ट दिसतात.

पहिली पायरी मालकीच्या उगमाविषयीची आहे. धनिक म्हणतो की, स्वतःचे जे आहे ते राखण्यात अन्याय कोणता? बेसिल विचारतो की, ते त्याचे झाले कसे? येथे तो नाट्यगृहाचा दृष्टान्त देतो. एखादा मनुष्य नाट्यगृहात आधी येऊन बसतो आणि सर्वांसाठी असलेली ती जागा स्वतःचीच मानून मागून येणाऱ्यांना मज्जाव करतो. सामायिक वस्तू आधी हस्तगत केल्यामुळेच तिला आपली म्हणणारा धनिक त्याच्यासारखा आहे. प्रत्येकाने गरजेपुरते घेऊन उरलेले गरजवंतासाठी ठेवले, तर कोणी श्रीमंत राहणार नाही आणि कोणी दरिद्रीही राहणार नाही. ज्या नगरात नाट्यगृह हे धनिकांच्या औदार्याचे प्रतीक होते, तेथे हाच दृष्टान्त योजण्यात बेसिलची मार्मिकता दिसते.

दुसरी पायरी या विचाराचा गाभा होय. अंगावरचे वस्त्र हिसकावणाऱ्याला चोर म्हणतात. मग शक्ती असून उघड्याला वस्त्र न देणाऱ्याला वेगळे नाव का असावे, असा प्रश्न बेसिल करतो. साठवून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीत पडून राहिलेला झगा उघड्याचा आहे, कुजत पडलेली पायतणे अनवाण्याची आहेत, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. येथे मदत न करणे हा दयेचा अभाव राहत नाही; ते परस्वापहरण ठरते. उल्पियनच्या व्याख्येचा साचा तसाच आहे, ज्याचे त्याला द्यावे हेच तत्त्व आहे. बदलले आहे ते 'ज्याचे' या पदाचे उत्तर.

तिसरी पायरी धनिकांना उद्देशून केलेल्या प्रवचनात येते. शुभवर्तमानातील श्रीमंत तरुण सर्व आज्ञा पाळल्याचे सांगतो. बेसिल त्या विधानाची तपासणी करतो. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी ही आज्ञा त्याने खरोखर पाळली असती, तर शेजाऱ्याहून अधिक त्याच्यापाशी उरले कसे? संपत्तीत जितके आधिक्य, प्रीतीत तितकीच उणीव, असे व्यस्त प्रमाण तो मांडतो. याचा अर्थ असा की, व्यक्तिगत शुचिता, उपवास व प्रार्थना यांनी आर्थिक संबंधांतील उणीव भरून निघत नाही. ज्या धार्मिक कृत्यांना पैसा पडत नाही तेवढी करणारे लोक त्याने पुष्कळ पाहिले होते.

चौथी पायरी दुष्काळातील प्रवचनात आहे. दुःख निवारण करण्याचे सामर्थ्य असून लोभाने जो ते करीत नाही, तो हत्या करणाऱ्याच्या पंक्तीला बसतो, येथवर बेसिल जातो. याच प्रवचनात, पावसासाठी प्रार्थना करावयास शाळेतील मुले येतात आणि मोठी माणसे मात्र बाजारात व्यवहार करीत राहतात, अशी त्याची तक्रार आहे. आमोसाच्या धान्यविक्रेत्यांचे हे चौथ्या शतकातील रूप होय, आणि या प्रवचनात बेसिलने आमोसाचा आधार घेतला आहे, ही गोष्ट आकस्मिक नाही.

कोठारांच्या प्रवचनातील एक प्रसंग श्रोत्यांवर विशेष परिणाम करणारा असावा. कर्ज व भूक यांनी गांजलेला बाप आपल्या मुलांपैकी कोणाला गुलामांच्या बाजारात विकावे, याचा विचार करीत असतो. थोरल्याला, की धाकट्याला? विकले नाही तर सगळेच मरणार, विकले तर उरलेल्यांना कोणत्या डोळ्यांनी पाहणार? आणि त्याच वेळी धान्याचा मालक किंमतीची घासाघीस करीत असतो. न्यायाचा प्रश्न बेसिल येथे तत्त्वाच्या पातळीवरून व्यवहाराच्या पातळीवर आणतो. हा करार विधिदृष्ट्या निर्दोष असेल; दोन्ही पक्षांची संमतीही आहे; तरीही तो अन्याय्य आहे, कारण एका पक्षाची संमती भुकेने घेतलेली आहे.

सावकारीविरुद्धच्या त्याच्या प्रवचनातही हीच दृष्टी आहे. ग्रीक भाषेत व्याजाला 'तोकोस', म्हणजे संतती, असे नाव आहे. या शब्दावर श्लेष करून, दुसऱ्याच्या अडचणीतून वाढणारी ही विचित्र प्रजा असल्याचे तो दाखवितो. गरिबांनाही तो कर्जाच्या वाटेस न जाण्याचा निकराचा सल्ला देतो.

५. बेसिलियस : वचनाकडून संस्थेकडे

प्रवचनांबरोबर कृतीही झाली. न्यिसाचा ग्रेगरी हा बेसिलचा धाकटा भाऊ. बेसिलने आपली वडिलार्जित मालमत्ता दुष्काळात गरिबांसाठी वेचली आणि यहूदी लोकांच्या मुलांनाही त्या मदतीत सारखाच वाटा दिला, असे त्याने नमूद केले आहे. नाझियान्झसच्या ग्रेगरीच्या वर्णनानुसार बेसिलने आपल्या वाणीने धनिकांची कोठारे उघडविली, भुकेलेल्यांना एकत्र आणले आणि कढणाची भांडी मांडून स्वतः वाढावयास उभा राहिला. हे वर्णन बेसिलच्या मृत्यूनंतर केलेल्या गौरवपर भाषणातील आहे, याचे भान ठेवावयास हवे. परंतु घटनेच्या मुख्य रूपरेषेविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

इ. स. ३७० मध्ये बेसिल कैसरियाचा बिशप झाला. त्यानंतर नगराबाहेर त्याने जी वसाहत उभारली तिला पुढे 'बेसिलियस' हे नाव पडले. पाचव्या शतकातील इतिहासकार सोझोमेन याने ते नाव दिले आहे. या कार्यावर आक्षेप घेणाऱ्यांनी प्रांताधिकारी एलियास याच्याकडे तक्रारी केल्या, तेव्हा बेसिलने त्याला लिहिलेल्या पत्रावरून वसाहतीची कल्पना येते. प्रार्थनामंदिर, धर्मसेवकांची निवासस्थाने, प्रवाशांसाठी उतारशाळा, रुग्णांसाठी घरे, वैद्य, शुश्रूषक, ओझ्याची जनावरे, वाटाडे, आणि जीवनास आवश्यक अशा हस्तव्यवसायांच्या कार्यशाळा यांचा त्यात समावेश होता. नाझियान्झसच्या ग्रेगरीने तिला नवे नगर म्हटले आणि प्राचीन जगातील प्रसिद्ध आश्चर्यांशी तिची तुलना केली.

या तुलनेचा रोख लक्षात घेण्यासारखा आहे. महारोग्यांना घरातून, बाजारातून व पाणवठ्यावरून हाकलले जाई. ते केवळ नावावरून ओळखू येत, चेहऱ्यावरून नव्हे. अशा लोकांना बेसिलने या नव्या नगरात स्थान दिले आणि स्वतः त्यांना आलिंगन दिले, असे ग्रेगरी सांगतो. जुन्या नगराचे औदार्य नागरिकांपुरते होते. या नगराचे नागरिकत्वच गरजेवर आधारलेले होते.

बेसिल हा अशा कार्याचा पहिला प्रवर्तक नव्हे. सेबास्तेचा बिशप युस्टाथियस याने त्यापूर्वी गरिबांसाठी आश्रयस्थान चालविले होते, आणि तरुणपणी बेसिलवर त्याचा प्रभाव होता. सम्राट ज्युलियन (कारकीर्द ३६१–३६३) याने गलातियाच्या प्रमुख पुरोहिताला लिहिलेले एक पत्र सोझोमेनच्या ग्रंथात आले आहे. ख्रिस्ती लोक आपल्याच नव्हे तर इतरांच्याही गरिबांना पोसतात, ही गोष्ट जुन्या धर्माच्या अनुयायांना लाजिरवाणी आहे, अशा आशयाची खंत त्यात व्यक्त झाली आहे. या पत्राच्या अस्सलपणाविषयी अलीकडे काही संशोधकांनी शंका घेतली आहे. तथापि पाचव्या शतकापर्यंत ही ख्याती दृढ झाली होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

६. मर्यादा

या विचाराचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. बेसिलने कायदा बदलण्याची मागणी केली नाही. त्याचे आवाहन धनिकाच्या सद्सद्विवेकाला आहे, आणि त्याच्या जोडीला स्वर्गीय फळाचे आश्वासन व नरकाचे भयही आहे. गरिबाच्या वतीने तो बोलतो. गरीब स्वतः आपला हक्क मागत आहे, असे चित्र त्याच्या प्रवचनांत क्वचितच दिसते. म्हणून आधुनिक अर्थाने 'हक्क' ही संकल्पना त्याच्यावर लादणे इतिहासदृष्ट्या चुकीचे ठरेल.

गुलामगिरीच्या बाबतीत ही मर्यादा ठळक होते. निसर्गतः कोणीही गुलाम नाही असे तो म्हणतो. पण युद्ध, दारिद्र्य वा बुद्धीची उणीव यांमुळे आलेले दास्य त्याने मान्य केले, आणि मठात आश्रयाला आलेल्या गुलामाला सामान्यतः समजावून धन्याकडे परत पाठवावे, असा नियम घातला. बापाने विकावयास काढलेल्या मुलासाठी त्याचे अंतःकरण द्रवले. परंतु तो बाजारच का असावा, हा प्रश्न त्याने विचारला नाही. तो विचारला त्याच्या भावाने. न्यिसाच्या ग्रेगरीने उपदेशक या ग्रंथावरील चौथ्या प्रवचनात, ईश्वराच्या प्रतिरूपात निर्मिलेल्या मनुष्याची किंमत कोण व किती ठरविणार, असे विचारून गुलामांच्या मालकीवरच आघात केला. प्राचीन वाङ्मयात अशा स्पष्ट विरोधाची उदाहरणे फार थोडी आहेत.

दुसरा आक्षेप सत्तेविषयीचा आहे. गरिबांचा कैवारी म्हणून बिशपाला नगरात नवे स्थान प्राप्त झाले, आणि मंडळीच्या संपत्तीचे व करसवलतींचे समर्थनही गरिबांच्या नावाने होऊ लागले, हे ब्राउनचे निरीक्षण दुर्लक्षणीय नाही. बेसिलच्या पत्रव्यवहारात मोडेस्टस या उच्च अधिकाऱ्याकडे धर्मसेवकांसाठी करमाफी मागणारे पत्र आहे, तसेच टॉरस पर्वतातील लोखंड काढणाऱ्या लोकांवरील कर कमी करावा म्हणून विनविणारेही पत्र आहे. एकाच लेखणीतून उतरलेली ही दोन पत्रे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. दया ही सत्तेचे साधन होऊ शकते. पण त्याच सत्तेचा उपयोग दुर्बलांसाठी अधिकाऱ्यांपुढे उभे राहण्याकडेही होऊ शकतो. यांपैकी कोणती बाजू अधिक, हे हेतूंच्या तर्कावरून नव्हे, तर भाकर कोणाच्या हाती पोचली यावरून ठरवावयास हवे. आणि हा निकष खुद्द बेसिलचाच आहे.

७. प्रवचनाकडून विधिशास्त्राकडे

बेसिलने कायदा मागितला नाही हे खरे. परंतु त्याच्या शब्दांना पुढे कायद्यात स्थान मिळाले, आणि ते एका चुकीच्या नावाने. रुफिनस याने चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याची काही प्रवचने लॅटिनमध्ये आणली. कोठारांच्या प्रवचनातील, भुकेल्याच्या भाकरीविषयीचा उतारा कालांतराने मिलानचा बिशप अँब्रोझ याच्या नावावर प्रचलित झाला आणि बाराव्या शतकात ग्रेशियनच्या धर्मविधिसंग्रहात त्याच नावाने समाविष्ट झाला. हा संग्रह युरोपातील विद्यापीठांत पाठ्यग्रंथ होता. त्यामुळे प्रवचनातील एक वक्तृत्वपूर्ण वाक्य विधिपंडितांच्या चर्चेचा विषय झाले. ते केवळ अतिशयोक्त मानावयाचे, की त्यातून काही नियम निघतो?

बाराव्या-तेराव्या शतकांतील विधिपंडितांनी त्यातून नियम काढला. आत्यंतिक गरजेच्या वेळी वस्तू सामायिक होतात, आणि म्हणून प्राण वाचविण्यासाठी दुसऱ्याचे अन्न घेणारा चोर ठरत नाही, असे मत त्यांच्यात रूढ झाले. थॉमस ॲक्विनस याने आपल्या 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, सहासष्टाव्या प्रश्नाच्या सातव्या कलमात, या मताची मांडणी केली आणि आधारासाठी तोच उतारा अँब्रोझच्या नावाने दिला. गरज उघड व तातडीची असली पाहिजे आणि दुसरा उपाय नसला पाहिजे, अशा अटी त्याने घातल्या. मालकीची व्यवस्था त्याने नाकारली नाही. ती मानवी व्यवहाराच्या सोयीसाठी आवश्यक आहे असेच त्याचे मत आहे. पण भूतलावरील वस्तू मनुष्यमात्राच्या निर्वाहासाठी आहेत हे तत्त्व त्याहून मूलभूत असल्यामुळे, दोहोंत विरोध आल्यास मालकीने मागे सरावे, असा त्याचा निर्णय आहे. इ. स. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगाविषयीच्या आपल्या घोषणापत्राच्या एकोणसत्तराव्या परिच्छेदात, संपत्तीच्या सार्वत्रिक प्रयोजनाचे विवेचन करताना आत्यंतिक गरजेचे हे तत्त्व पुन्हा नमूद केले.

या प्रवासात एक बदल घडला, तो ध्यानात घेतला पाहिजे. बेसिल धनिकाशी बोलत होता : त्याचे जे नाही ते त्याने द्यावे. मध्ययुगीन विधिपंडित गरजवंताविषयी बोलतो : जे त्याचे आहे ते त्याने घेतल्यास तो दोषी नाही. देणाऱ्याच्या कर्तव्यातून घेणाऱ्याच्या अधिकाराकडे झालेले हे संक्रमण बेसिलने स्वतः केले नाही. परंतु त्याच्या वाक्यरचनेत त्याला वाव होता. भाकर भुकेल्याची आहे, असे एकदा म्हटल्यावर ती भुकेल्याने मागितली तर ती भीक कशी ठरेल, हा प्रश्न टाळता येत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, ख्रिस्ती परंपरेतील दयेचा विचार करताना तिला न्यायाच्या विरुद्ध टोकाला ठेवणे हे त्या परंपरेच्या मूळ शब्दांशी सुसंगत नाही. संदेष्ट्यांपासून कैसरियापर्यंत विश्वासाची परीक्षा ही उपासनेच्या शुद्धतेत नव्हे, तर शेजाऱ्याच्या भुकेशी असलेल्या नात्यात होते, ही भूमिका अखंड आहे. दुसरी अशी की, या भूमिकेचे सर्व परिणाम तिच्या प्रवर्तकांनाही दिसले नव्हते. बेसिलने कोठारे उघडविली, पण गुलामांचा बाजार तसाच राहिला. त्याचे तत्त्व त्याच्या आचरणाच्या पुढे होते, आणि ते पुढे नेण्याचे काम त्याच्या भावाला व नंतरच्या विधिपंडितांना करावे लागले.

ज्या दुष्काळात धान्य मुळीच नसते, त्या दुष्काळात दया पुरेशी असते, कारण तेथे सर्वच असहाय असतात. ज्या दुष्काळात धान्य असते पण कोठारांची दारे बंद असतात, तेथे प्रश्न न्यायाचा होतो. कैसरियातील दुष्काळ दुसऱ्या प्रकारचा होता, हे बेसिलने ओळखले, आणि त्याच्या प्रवचनांचे चिरस्थायी महत्त्व त्या ओळखीत आहे. एखाद्या काळातील विशिष्ट अभाव या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे ठरविण्यासाठी इतिहास, अर्थशास्त्र व विधिशास्त्र यांचे साहाय्य लागते. धर्मशास्त्राला ते एकट्याने ठरविता येत नाही. परंतु ते ठरल्यानंतर कोठाराच्या मालकाने जे द्यावयाचे ते दान, की देणे, याचे उत्तर देण्याची जबाबदारी कैसरियाच्या या प्रवचनकाराने ख्रिस्ती धर्मविचारावर कायमची टाकली आहे.